पाण्याखालची इंजिनरूम

३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार, तब्येत, हवापाणी हे सगळं लिहून झालं असं धरून चाल. आधी सोबतचं पाकीट उघड, फोटो बघ, मनसोक्त शिव्या दे आणि मग पुढचं वाच. फोनवरच पाठवले असते, पण तू पडद्यावरचा फोटो बघत नाहीस, कागदावर छापलेलाच भिंगाखाली धरतोस, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप.

बघितलेस? ते हिरवट धुकं आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा, ती आजोबांची बोट आहे.

हो, तीच. बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांची वाट खोल करायची आहे. तिची मोजणी करताना तळाशी ही सापडली आणि शेवटची पाहणी आमच्या डायव्हिंग स्कूलकडे आली. कागदावर बोटीचं नाव वाचलं आणि तेच परत परत वाचत बसले. वादळात फेरीबोट बुडायला लागली, सगळे प्रवासी दुसऱ्या बोटीत उतरेपर्यंत पंप चालू राहावा म्हणून इंजिन ड्रायव्हर खालीच थांबला, प्रवासी वाचले आणि तो वर आला नाही. ही गोष्ट मी तुझ्या मांडीवर बसून इतक्यांदा ऐकलीय, की ती बोट खरोखर कुठंतरी असेल हे मी विसरूनच गेले होते. गेल्या आठवड्यात मी तिच्या कठड्यावर हात ठेवला, मामा. आठ मजले खाली. हातमोजा होता तरी अंगावर काटा आला.

मार्चच्या मध्यावर तिचे तुकडे करून वर काढायला सुरुवात होणार. तोवर हवामान देईल तेवढ्याच फेऱ्या आपल्या हातात. तुला काय बघायचंय ते सांग, मी फोटो काढून आणते. पण त्याआधी हे असं का होतंय ते सांग, कारण माझं घोडं इथंच अडलंय. कॅमेरा तूच दिलेला, जमिनीवर त्याचे फोटो झकास येतात. स्कूलनं त्याला बसेल असं हाउसिंग दिलंय, म्हणजे कॅमेऱ्याचा पाणबंद डबा. फ्लॅश डब्याच्या डोक्यावरच बसवलाय. आमच्या मुख्य शिक्षकांना सगळे कासव म्हणतात, कारण एका सिलिंडरवर ते दोघांच्या इतका वेळ खाली राहतात. त्यांना विचारलं, तुम्हीच काढता का फोटो? तर म्हणाले, "हातात कॅमेरा आला की माणूस श्वास घ्यायचं विसरतो. आजोबा तुझे, तूच काढ."

आईला यातलं काही कळू देऊ नकोस. मी तलावात पोहायला शिकवते असं तिला वाटतं, ते तसंच वाटू दे.

तुझी बेडकी

९ फेब्रुवारी

बेडके,

तुझं पाकीट आलं तेव्हा समोर गिऱ्हाईक होतं. मी फोटो काउंटरवर पसरले, पत्र वाचलं आणि त्या भल्या माणसाला सांगितलं, दुकान बंद आहे. तो म्हणाला, अहो, आत्ता तर उघडलंत. मी म्हटलं, हो, आणि आत्ताच बंद केलं.

मग कामाला लागलो, कारण मला दुसरं काही येत नाही.

ठिपक्यांचं आधी. गादीवाल्याच्या दुकानात कापूस पिंजताना फोटो काढल्यासारखे दिसतात. लेन्सवर धूळ नाही, आत बुरशी नाही, कॅमेऱ्याला नाव ठेवायला जागा नाही. गाळ पाण्यातच आहे. तुझा फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर बसलाय, तो समोरचा कणन् कण उजळून थेट लेन्सकडे परत पाठवतो. धुळीच्या रस्त्यावर गाडीचे मोठे दिवे लावले की रस्ता दिसायचा बंद होतो आणि धूळच दिसते, तसली गत. फ्लॅश डब्यापासून लांब काढ. दोन सांध्यांचा एक दांडा करून पाठवतोय, कोपरासारखा वळतो. फ्लॅश बाजूला ने आणि त्याचं तोंड किंचित बाहेर वळव, म्हणजे उजेडाची कड तेवढी बोटीवर पडेल आणि मधलं पाणी अंधारात राहील. हे सगळं मी घोट्याच्या वर पाणी न लागलेला माणूस सांगतोय. चुकलं तर कासवांपुढं माझं नाव घेऊ नकोस.

सोबत लांब पल्ल्याची लेन्स आहे. लांबूनच काढ. त्या गंजक्या लोखंडाच्या अंगचटीला जायची काही गरज नाही. आणि माझा मऊ केसांचा ब्रश. या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याला झाकण लावायच्या आधी शेवटचा हात या ब्रशचा असतो, हे तू फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून बघतेयस. ते पाळ. तुझ्या डब्याच्या काठाला पाणी अडवणारी जी रबरी ओ-रिंग असेल तिच्यावरूनही फिरव. आणि फोटो असे निळे-हिरवे का? कॅमेऱ्यातलं रंगाचं सेटिंग बघ जरा.

काय बघायचंय विचारतेस. इंजिनरूम. बाकी काही नको. बाबा मला आत नेत नसत, "मोठा झालास की," म्हणायचे. डेकवर एक काचेचं झाकण होतं, खाली उजेड पडावा म्हणून. त्यावर पालथा पडून मी आत बघायचो आणि ते खालून तेलाचं फडकं हलवायचे. मी नऊ वर्षांचा होतो, ताई पंधराची. तेव्हापासून ती इंजिनरूम माझ्या डोक्यातून गेलेली नाही, पण मला दिसते ती दिवे गेल्यानंतरची. काळी, गार, चिडीचूप, आणि त्यात बाबा एकटे. साठी उलटली तरी डोळे मिटले की तीच समोर. एकदा खरी कशी आहे ते बघू दे, पोरी. तुकडे झाल्यावर मग मला मरेपर्यंत तेच बघत बसावं लागेल.

हे मी कुणाला बोललेलो नाही. ताईला तर नाहीच. टीव्हीवर समुद्र आला की ती अजून उठून आत जाते.

मामा

१४ फेब्रुवारी

मामा,

जिंकलास! ठिपके गेले. सगळे नाही, पण जे उरलेत ते मला चालतील. कासवांनी फोटो बघितले आणि दोनदा विचारलं, "कोण हे तुझे मामा?" त्यांनी एखादी गोष्ट दोनदा विचारणं म्हणजे बँड लावून मिरवणूक काढल्यासारखं आहे.

लेन्स मात्र परत पाठवतेय. फुगून बसू नकोस. पाण्यात लांबून फोटो काढायचा म्हणजे तेवढं सगळं पाणी मध्ये घेऊन काढायचा, आणि पाणी रंगही खातं, धारही खातं. कासव सांगतात, फोटो वाईट आला तर जवळ जा, तरीही वाईट आला तर अजून जवळ जा. म्हणून इथं रुंद बघणारी लेन्स लागते आणि तिच्यापुढं घुमटासारखी गोल काच. हातभर अंतरावरून अख्खा दरवाजा मावतो.

आणि ते रंगाचं सेटिंग नाही. लाल रंग वरच्या वरच संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. तुझा विश्वास बसणार नाही म्हणून मी मुद्दाम नखं लाल रंगवून उतरले. खाली ती काळी ठिक्कर. दाराच्या फटीत चेमटल्यासारखी. मग टॉर्च लावला आणि दहाच्या दहा नखं एकदम पेटली! मामा, पाण्याखाली ओरडता येत नाही म्हणून, नाहीतर वर किनाऱ्यावर ऐकू गेलं असतं. मी इतकी वर्षं खाली जातेय, पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, पण स्वतःच्या बोटांवर बघितलं तेव्हा कुठं कळलं. तिथं खाली सगळं रंगीत असतं आणि आपण त्यातून आंधळ्यासारखे पोहत जातो.

बोटीबद्दल काय लिहू? दोरीला धरून उतरत जायचं. वर बघावं तर निळं, खाली बघावं तर त्याहून निळं, आणि आपण कशावर आहोत ते कळत नाही. मग त्या निळ्यात एक रेघ सरळ असते. समुद्रात सरळ काही नसतं. ती रेघ जाड होत जाते, तिला कोपरा येतो, आणि अचानक तुझ्या पायाखाली अख्खी बोट. दरवेळी माझा श्वास चुकतो आणि दरवेळी कासव मागून माझ्या पायाला टपली मारतात.

तुझं काचेचं झाकण सापडलं. काच नाही, चौकट आहे, चांगली रुंद. आतून पाइप लोंबतायत म्हणून आत शिरायला कासवांची सक्त मनाई. पण चौकटीवर तरंगत राहून कॅमेरा आत धरता येईल, असं म्हणाले. त्यासाठी आधी मला तळाला न शिवता एका जागी थांबायचा सराव. पाण्याखाली ठेवलेल्या बादलीवर तरंगत बसवलंय मला, बोलायची सोय नाही.

नवीन रड अशी की अर्ध्या फेरीत डब्याची काच आतून धुरकटते. पहिल्यांदा वाटलं पाणी शिरलं, पाचावर धारण बसली. पण आत थेंब नाही, नुसती वाफ. डबा मी स्कूलच्या बाथरूममध्ये बंद करते, कारण तिथं वाळू उडत नाही. काय करू?

तुझी बेडकी

१९ फेब्रुवारी

बेडके,

बाथरूममध्ये? धन्य! अगं, पाणी शिरू नये म्हणून तू डबा घट्ट लावतेस आणि लावताना त्यात बाथरूमची सगळी दमट हवा कोंडतेस. खाली गार पाणी लागलं की ती वाफ काचेवर बसणार नाहीतर जाणार कुठं? ऑफिसात एसी आहे ना? त्या खोलीत कॅमेरा आणि डबा दोन्ही उघडे ठेव, चांगले कोरडे होऊ देत, आणि तिथंच बंद कर. आत सिलिका जेलच्या पुड्या टाक, पण आधी मंद आचेवर तापवून कोरड्या करून. बंद केल्यावर डबा उन्हात ठेवायचा नाही, ओल्या टॉवेलात गुंडाळून ने. आणि ब्रश. शेवटचा हात ब्रशचा, विसरू नकोस.

लाल रंगाचं मला काही पटेना. दुकानातली बादली भरली, तिच्यात लेन्सचं लाल झाकण टाकलं आणि डोकं घालून बघत बसलो. लालच दिसलं. ताई तेवढ्यात आली आणि म्हणाली, काय रे, कशासाठी जीव देतोयस? मग मला सुचलं, तुझे आठ मजले कुठं आणि माझी बादली कुठं. ताईला सांगितलं, झाकणाला तडा आहे का बघत होतो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गिऱ्हाईक नसताना "आलो आलो" म्हणत काउंटरकडे पळालो.

चौकट सापडली हे वाचून मला जेवण गेलं नाही. मी त्या चौकटीवर पालथा पडायचो आणि आता तू तिच्यावर तरंगणार. मला हे नीट कळतच नाहीये, पोरी. मी रोज ते वाक्य पुन्हा वाचतो.

मामा

२६ फेब्रुवारी

मामा,

वाईट बातमी लगेच लिहून टाकते. काल कॅमेरा बुडाला.

वाफ नव्हती, सगळं तू सांगितलंस तसं केलं होतं. तिसऱ्या मजल्याइतकं खाली गेले तेव्हा झाकणाच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. मी लगेच वर फिरले, डबा तिरका धरला, काही उपयोग झाला नाही. वर येईपर्यंत खालच्या बाजूला पाणी आणि कॅमेरा गेलेला. इंजिनरूमपर्यंत पोचलेच नाही.

ओ-रिंगवर माझाच केस अडकला असणार. टोपी नीट घातली नव्हती. चूक माझी, तू जिवाला लावून घेऊ नकोस. डबा तसाच पाठवतेय, दुरुस्त होण्यासारखं काही असेल तर बघ. वारा सुटलाय, काही दिवस बोटी जाणार नाहीत. त्यानंतर जेमतेम एखादी फेरी मिळेल, आणि मग ते लोखंड कापणारे येतील.

मला फार रडू आलं, मामा. मास्कमध्ये रडलं की काच धुरकटते, तेही कळलं.

बेडकी

२ मार्च

बेडके,

डबा उघडला. ओ-रिंग काढून भिंगाखाली धरली. खाचेत एक केस आडवा पडलाय. तुझे केस काळेभोर आणि पाठीवर रुळणारे. हा बोटाच्या पेराएवढा, तपकिरी आणि टोकाला निमुळता. हा माझ्या ब्रशचा आहे आणि तुला तो पहिल्याच नजरेला ओळखू आला असणार. आणि तू मला लिहितेस, टोपी नीट घातली नव्हती! खोटं बोलायला निदान चांगलं तरी शिक.

आयुष्यभर तो शेवटचा हात मी मिरवला. जमिनीवर एखादा केस मागं राहिला तर फुंकर मारली की काम झालं. पाण्याच्या आठ मजल्यांपुढं फुंकर कोण मारणार? मी तुझ्या हातात ब्रश दिला आणि वर दोनदा आठवण करून दिली. ज्या एका फोटोसाठी मी जीव टाकत होतो, तो मीच बुडवला. मला स्वतःची इतकी चीड आलीय की लिहिता येत नाही.

आता ऐक. ओ-रिंगला ब्रश लावायचा नाही, कापड नाही, कापूस नाही. धुतलेलं बोट फिरवायचं, केस असो की वाळू, बोटाला लगेच लागतं. ग्रीस चमकेल इतकंच, थापायचं नाही, थापलं की तेच कचरा धरून ठेवतं. खाच उजेडात तिरकी धरून बघायची. झाकण लावलं की पुन्हा बघायचं.

दुसरा कॅमेरा पाठवतोय. छोटा आहे, तुझ्या तळव्यात मावेल. सोबत आणखी एक दांडा टाकलाय, स्कूलकडून दुसरा फ्लॅश माग आणि दोन्ही बाजूंना एकेक लाव. मोठ्या कॅमेऱ्यानं मोठा फोटो येतो या माजात मी जन्म काढला, पण तू सांगितलंस जवळ जा, रुंद बघ, तर त्याला हाच बरा. याच्या डब्याला एकामागे एक दोन ओ-रिंगा आहेत, एक चुकली तर दुसरी. वर रुंद काच फिरकीनं बसते, ती पाण्यात गेल्यावर बसव, मधे बुडबुडा राहू देऊ नकोस. डबा रिकामा, आत कोरडा टिपकागद घालून, दगड बांधून मी इमारतीच्या पाण्याच्या टाकीत सोडला होता. वॉचमननं बघितलं, त्याला वाटलं मी कुणाची तरी अस्थीच सोडतोय. कागद कोरडा निघाला. तू पण कॅमेरा न घालता एकदा खाली नेऊन बघ.

आणखी एक सांगायचंय. मी डबा उघडला तेव्हा ताई दुकानात होती. आतलं पाणी टेबलावर सांडलं आणि तिनं वास ओळखला. तिनं विचारलं, हे कुठलं पाणी? मला खोटं सुचलं नाही. सगळं सांगितलं. ती पर्स घेऊन निघून गेली. कालपासून फोन उचलत नाही.

ती नको म्हणाली तर जाऊ नकोस. मी नको म्हणतो असं समज. कॅमेरा बुडाला तेव्हा नुसता कॅमेरा बुडाला, पण मी रात्रभर वेगळंच बघत होतो. एका फोटोपायी तुला गमवायची वेळ यायला नको.

मामा

५ मार्च

बाळ,

कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही, त्यामुळे थोडक्यात लिहिते.

तू तलावात शिकवतेस हे मला तुझ्या पहिल्या सुट्टीतच खोटं वाटलं होतं. तलावाच्या पाण्यानं कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग पडत नाहीत. कपडे मीच धुतले होते. म्हटलं, सांगेल कधीतरी. तुम्ही दोघं मिळून मला काचेचं भांडं समजता.

मामा काल घरी आला. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, ताई, मी तिला कळवतो, राहू दे म्हणून. त्याचा चेहरा बघितला आणि मला तोच नऊ वर्षांचा पोरगा दिसला. त्या दिवसानंतर तो कित्येक महिने दिवा लावल्याशिवाय झोपत नव्हता. मी त्याच्या उशाशी बसायची. त्याला वाटतं मला काही ठाऊक नाही. अगं, तो झोपेत बोलायचा.

मी त्या सकाळी बाबांच्या शर्टाचं बटण लावून दिलं होतं. ते घाईत होते, मी दातानं दोरा तोडला. तेवढंच मला आठवायला आवडतं. बाकीचं मी इतकी वर्षं बाजूला ठेवलं. पण ती बोट आता कापणार म्हटल्यावर मलाही वाटायला लागलंय की एकदा बघावं.

तर जा. त्या कासव म्हणवणाऱ्या गृहस्थांचं ऐक, ते सांगतील त्याच्या पुढं वीतभर जायचं नाही. आणि वर आलीस की मामाला नाही, आधी मला कळव.

आई

१० मार्च

आई आणि मामा,

आई, मी वर आले. तुला फोनवर सांगितलंय, पण तुझी पहिली मागणी ती होती म्हणून कागदावरही सांगते.

वारा परवा पडला. कासव म्हणाले, उद्याचा दिवस, नंतर नाही. डबा आधी रिकामा नेला, कोरडा आला. मग एसीच्या खोलीत बसून ओ-रिंगांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, इतकं की कासव म्हणाले, आता झिजेल ती.

खाली पाणी इतकं स्वच्छ मी या किनाऱ्याला कधी बघितलं नव्हतं. दोरीच्या मध्यावरूनच अख्खी बोट दिसली, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, एका कुशीवर किंचित कललेली. आम्ही काहीही न शिवता चौकटीपर्यंत गेलो. मी तिच्यावर तरंगत थांबले आणि आत बघितलं.

आत काही नव्हतं, मामा. म्हणजे पांढुरका पडदा होता, धुक्यासारखा. मला वाटलं, झालं, गाळ उठला, सगळं संपलं. मग तो पडदा हलला. तो मासा होता. म्हणजे मासे होते, हजारो, बोटाएवढे, काचेसारखे, आरपार दिसणारे, आतला नाजूक काटासुद्धा दिसत होता. ते सगळे एकाच वेळी वळले आणि मधोमध उघडले, आणि खाली इंजिन होतं.

मी श्वास घ्यायचं विसरले. कासवांनी टपली मारली नाही. नंतर म्हणाले, मीपण विसरलो होतो.

उघड्या चौकटीतून उजेडाचा खांब सरळ खाली इंजिनवर उतरला होता. नुसत्या डोळ्यांना सगळं राखाडी-निळं दिसत होतं, गोल गोल आकार, कुठं चाक, कुठं दांडा. मी हात लांब करून कॅमेरा आत धरला, फ्लॅश दोन्हीकडे फाकवले आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे आलं ते बघून मी परत आत बघितलं, मग परत पडद्यावर. इंजिनचं एक इंच लोखंड दिसत नाही. सगळं लाल, मामा! लाल, केशरी, हळदीसारखं पिवळं, मध्येच जांभळं. सहाच्या सहा सिलिंडरांवर मऊ प्रवाळ फुललंय आणि पाण्याबरोबर डोलतंय. चाकावर स्पंजाची जाड गादी चढलीय. पाइपांच्या मागे एक धिप्पाड मासा होता, दोन हात लांब असेल. तो आला, माझ्याकडं बघितलं, सगळं ठीक आहे ना बघावं तसा इंजिनला एक फेरी मारून परत गेला. हे सगळं तिथं इतकी वर्षं चाललंय आणि त्याचा रंग कुणी बघितला नव्हता. मीही डोळ्यांनी नाही बघितला, फ्लॅश उडाला त्या क्षणी फक्त कॅमेऱ्यानं बघितला.

एक गोष्ट फोटोत येणार नाही म्हणून लिहिते. तू चिडीचूप म्हणाला होतास. तसं नाहीये. बारीक कोळंब्या नांग्या आपटतात, मासे दगड कुरतडतात, त्याची सतत तडतड चालू असते, तव्यावर पाण्याचे शिंतोडे उडावेत तशी. चौकटीत डोकं घातलं की ती एकदम वाढते. आत चांगलाच गलका आहे.

तुम्ही दोघं विचारणार नाही, म्हणून मीच सांगते. आजोबांचं ओळखू येईल असं तिथं काही नाही. मी बघितलं. समुद्रानं ते केव्हाच स्वतःत घेतलंय. निघताना मी हात हलवला. माझं मलाच हसू आलं, पण हलवला.

सोबतचा फोटो त्या फेरीतला. तीस काढले, हा एक आला. मामा, शिव्या नकोत.

बेडकी

१६ मार्च

बेडके,

फोटो पोचून तीन दिवस झाले. लिहायचं आज होतंय.

पाकीट मी उघडलं नाही. ताईला बोलावलं. दोघं काउंटरच्या आत बसलो, तिनं कात्रीनं कड कापली. मी सवयीनं भिंग डोळ्याला लावलं आणि मला काही दिसेना, भिंगच ओलं झालं होतं. ताईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, अरे, आधी नुसता बघ. तेव्हा बघितला.

किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. ताई माशांवर बोट ठेवून मोजायला लागली आणि मध्येच थांबून म्हणाली, एवढे? एवढे सगळे आहेत तिथं? मी म्हटलं, गलका पण आहे म्हणे. मग आम्ही दोघंही रडलो आणि रडताना हसलो, आणि बाहेर एक गिऱ्हाईक शटरवर टकटक करत होतं त्याला तसंच करू दिलं.

तुझ्या फोटोत खोट काढायची तर डाव्या फ्लॅशची कड जरा जास्त पडलीय. बाकी मला बोलायला जागा ठेवली नाहीस. मी माझ्या आयुष्यात लाखभर फोटो हातात धरले असतील. हा फोटो कसा निघाला ते मला ठाऊक आहे, फ्लॅश कुठं होता, काच कुठली, ओ-रिंगा किती, सगळं ठाऊक आहे. तरी मला तो कळत नाही. लोखंडावर हे कुणी फुलवलं? कुणाला दाखवायला? मला उत्तर नकोय. मी काल रात्री डोळे मिटले आणि मुद्दाम इंजिनरूम आठवून बघितली. लाल दिसली. मासे वळले.

आज सकाळी ते कापायला सुरुवात करणार होते. केली असेल. मला वाटलं होतं मी हळहळेन. थोडं वाटलंच, त्या धिप्पाड माशाबद्दल. तो कुठं जाईल?

फोटो मोठा करून काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावलाय. तिथले लेन्सचे जुने तक्ते काढून टाकले. ताई रोज येऊन बसते, म्हणते, घरी एकटीनं चहा गोड लागत नाही. कारण तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

काल एक बाई शटर अडकलेला कॅमेरा घेऊन आल्या. मी खाली मान घालून तो उघडत होतो. त्या भिंतीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, केवढी सुंदर जागा आहे ही! कुठली? मी हातातला स्क्रू खाली ठेवला. मागून ताई म्हणाली, "आमचे वडील तिथं नोकरीला होते."

बाईंनी पुन्हा फोटोकडे बघितलं, चांगला वेळ. मग म्हणाल्या, "नशीबवान माणूस."

"हो," ताई म्हणाली, आणि त्यांना बसायला स्टूल सरकवलं.

मामा